झुंबरबाईच्या हातची भाकर

हां, तर बोकड. काल तुम्ही जेवायला उठलात तेव्हा बोकड झुंबरबाईच्या दाराला बांधलेला होता ना? तिथूनच धरतो. त्या बोकडानंच सगळा घोळ केला, बाबांनो! पुष्कळ पंचायती पाहिल्या, पण बोकडानं पंचांसमोर भगताची फजिती केलेली तेव्हा पहिल्यांदाच पाहिली.

पण काल जे नव्हते, त्यांना आधी बाई कळायला हवी. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात आमचे पाडे. माझा खालचा, झुंबरबाईचा वरचा. तिचा नवरा तापानं गेला आणि त्याच पावसाळ्यात शेजारची दोन लेकरंही गेली. पुना भगतानं सुपात दाणे टाकून पाहिलं आणि बोट केलं तिच्याकडं. डाकीण! हा शब्द चिकटला की बाई संपली. तिच्या हातचं पोटात गेलं की माणूस वाळून मरतो म्हणे. ज्या बायांना तिनं बाळंतपणात पेज भरवली होती, त्यांनीच तिचे केस कापले आणि मारत मारत तिला नदीपार हाकललं.

ती धुळ्याला गेली, बांधकामावर पाट्या वाहू लागली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, तरी कुणी तांब्याभर पाणी मागितलं तर म्हणायची, "तुमचं तुम्ही घ्या." काय जाणो, असेलही आपल्या हातात काही, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं. मार भरून येतो हो. हे भरून येत नाही.

शेजारच्या खोलीत द्रौपदाबाई राहायची. ख्रिस्ती बाई, आवाज असा की मुकादमही दचकावा. ती हिला रविवारी पत्र्याच्या शेडमधल्या उपासनेला ओढून न्यायची आणि ही दाराशीच बसायची. एकदा उपासनेनंतर जेवण होतं, भाकरी थापायला हात कमी पडले. द्रौपदाबाईनं पिठाची परात हिच्यापुढं सरकवली.

"अक्का, मना हातनं नको. मी डाकीण शे."

"कोण म्हणतं?"

"बठ्ठं गाव म्हणतं."

"येशूनं महारोग्याला हात लावला तेव्हा गावाला विचारलं होतं का? मग मी कशाला विचारू? थाप लवकर, लोक भुकेले आहेत."

थापली हिनं. पहिली भाकर द्रौपदाबाईनं तव्यावरून उचलली आणि उभ्या उभ्या खाल्ली. जीभ पोळली, तरी खाल्ली. झुंबरबाई मला सांगते, "नाना, मी परातीवरच रडले. त्या दिवशी पिठात मीठ घालावं लागलं नाही." आणि हसते!

पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. लोक विचारतात, काय मिळालं? मी म्हणतो, आधी ती जमिनीकडं बघून चालायची, आता समोर बघून चालते. आणखी काय मिळायला पाहिजे?

मागच्या नाताळाला ती पाड्यावर परत आली. स्वतःचं घर झाडलं, दारावर कागदाची चांदणी टांगली. आणि चूल कुठं मांडली? अंगणात, सगळ्या पाड्याला दिसेल अशी! रोज नागलीच्या भाकरी थापायची. कुणी फिरकायचं नाही. मी मात्र येताजाता बसून खायचो. वाळलो का मी? हे पोट बघा!

प्रेमराज तिचा पुतण्या, तिच्याच मांडीवर वाढलेला. त्याचं लग्न ठरत आलं आणि मुलीकडच्यांनी अट घातली, आधी काकीचं काय ते मिटवा. पुना भगतानं वाट सांगितली, बोकड द्यायचा आणि बाईनं पंचांसमोर म्हणायचं, 'होय, माझ्या अंगात होती, भगतानं काढली.' मग सगळे तिच्या हातचं खातील, घर मोकळं. बिचाऱ्या प्रेमराजनं साक्रीच्या बाजारातून बोकड आणला आणि पंच बसायच्या आदल्या संध्याकाळीच तिच्या दाराला बांधला. "काकी, एक शब्द. माझ्यासाठी," म्हणाला आणि गेला. बोकड भुकेनं ओरडायला लागला, तेव्हा तिनं त्याला भाकर घातली.

सकाळी पंच तिच्या अंगणात, चुलीसमोरच जमले. मीही गेलो, असली मजा मी सोडतो होय? पुनानं बोकडाच्या तोंडाला लागलेला भाकरीचा चुरा पाहिला.

"याला कोणी खाऊ घातलं?"

"मी," झुंबरबाई म्हणाली. "रातभर उपाशी ठेवू?"

पुनानं कपाळ बडवलं. "बाटला! डाकिणीच्या हातचं खाल्लं. आता हा देवाला चालत नाही."

मी म्हटलं, "पुना, मेला तर नाही ना? बघ कसा उड्या मारतोय! मला वाटतं याला अजून एक भाकर पाहिजे."

पाडा हसला. पदराआडून बाया हसल्या. केस कापणाऱ्या त्याच बाया, बरं का. पुना लाल झाला. पण माणूस हुशार, आवाज एकदम मऊ केला त्यानं. "जाऊ द्या बोकड. बोकडाशिवाय भागवू. झुंबर, तू नुसतं 'होय' म्हण. तुझ्या पुतण्याच्या अंगाला हळद लागू दे."

हसणं थांबलं. प्रेमराज हात जोडून उभा. मलाही वाटलं, आता म्हणेल ही. पोरापायी बाई काय नाही म्हणत?

तिनं हाताचं पीठ पुसलं, प्रेमराजच्या डोक्यावरून हात फिरवला, पुनाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरा, तुना लगनात मी नाचसू, पण खोटं बोलीसन नही. पुनाभाऊ, जे मना अंगात नव्हतंच ते तू काढशी कसं? मनी पापं मी येशूपुढं रडीसन सांगी टाकी, त्यात हे नव्हतं. त्यानं मले पोरी म्हणीसन हाक मारी. आता तुमच्या हाकेले मी ओ देणार नही. बोकड सोडा. भाकर गरम शे. ज्याले खावानी व्हयी त्यानं बसावं, ज्याले भ्याव वाटस त्यानं उठावं. मी आठेच, ह्या चुलीपाशीच शे."