रामाप्पाचा कान

एकाच्या घरचा पाईप फुटला की गल्लीत पाण्याआधी किस्से पसरतात. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी, चवथीला दोन दिवस असताना, आमच्या डिचोलीच्या घरी भिंतीतला पाईप फुटला आणि हेच झालं. गणपती बसतो त्याच भिंतीवर बाबांनी रंगवलेलं कमळाचं तळं आहे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. ओल चित्राच्या काठाला पोचली, तसा मी कॉक बंद केला आणि पाळी गावच्या खाणीवर फिटर असलेल्या रामाप्पाला निरोप धाडला. तो येईपर्यंत शेजारी त्याचे किस्से घेऊन हजर!

रामाप्पा बेळगावकडचा. स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला आणि मूठ कानाला लावून तो आतलं पाणी ऐकतो. मग फोडतो ते वीतभरच.

शेजारच्या विनायकभाऊंकडे सत्यनारायणाच्या दिवशीच गळती लागली. हा भिंतीला कान लावून बसलेला आणि भटजींचा आवाज टिपेला. यानं हात वर केला. "भटजी, देवाला ऐकू आलं. आता जरा मला येऊ द्या की!"

बाजारातल्या एका घरी खनिजाच्या ट्रकांनी भिंती थरथरत होत्या. हा सरळ रस्त्यावर गेला आणि ट्रक अडवला. ड्रायव्हर खवळला. रामाप्पा शांतपणे म्हणाला, "लाख वर्षं जमिनीत थांबलंय ते. आणखी दोन मिनिटं थांबंल!"

चुकलाही एकदा. गल्लीतल्या शशीकाकींच्या घरी टपटप ऐकून भिंत फोडली, तर पाईप कोरडा ठणठणीत! पलीकडच्या खोलीत लंबकाचं घड्याळ होतं. दुसऱ्या दिवशी स्वतः सिमेंट आणून त्यानं भिंत लिंपली. तेव्हापासून कुठल्याही घरात पाय टाकला की पहिला प्रश्न, "घड्याळ कुठं हाय?"

आमच्याकडेही तोच विचारला. मग कॉक उघडायला लावून त्यानं भिंत ऐकली. सरकत सरकत बरोबर चित्राच्या मध्यावर थांबला.

मी म्हटलं, "फोड. चित्र मागाहून पेंटरकडून काढून घेऊ."

आई पदराने चित्राच्या काठावरची ओल टिपत राहिली.

रामाप्पाने तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कान लावला, आणि चांगला पाच मिनिटं लावून बसला. शेवटी छिन्नी पिशवीत टाकली.

"भाऊ, हितं काय लीक नाही. भिंतीतली लाईनच जुनी झालीया. दोन्हीकडं बंद करतो आणि नवी बाहेरनं फिरवून घेतो."

"नक्की लीक नाही?"

"माझा कान हाय!"

चित्राखालून एक थेंब टपकला आणि माझ्या पायावर पडला.