एलिझाबेथने काढलेली तीन गावं

पारनेर तालुक्यातल्या माळखेडीत एलिझाबेथ साळवे बावीस वर्षं अंगणवाडी चालवत होती. कुणाच्या पोराचं वजन किती, कोण सुप्याच्या कारखान्यात लागलं आणि बायकापोरांसह तिकडेच राहिलं, सगळं तिला तोंडपाठ.

दोन वर्षांपूर्वी पंचायत समितीत गाव आराखड्याचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "नुसत्या आजच्या मागण्या लिहू नका. पंधरा वर्षांनी गाव कसं असू शकेल, याच्या दोन-तीन शक्यता मांडा आणि आजचा निर्णय त्यांत टिकतो का बघा." बाकीच्यांचं लक्ष चहाकडे. एलिझाबेथने मात्र परतीच्या एसटीत ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मग तिने घर न् घर पुन्हा पालथं घातलं. दहा वर्षांपूर्वी अंगणवाडीत एकेचाळीस मुलं होती, आता तेरा. एकटीदुकटी राहणारी म्हातारी माणसं चौतीस. तिने कागदावर तीन गावं काढली. एकात कारखान्याची बस गावापर्यंत येते आणि पोरं संध्याकाळी घरी परततात. दुसऱ्यात आहे तसंच चालू राहतं. तिसऱ्यात शाळाही बंद पडते. तिन्ही गावांत म्हातारी माणसं वाढतच होती.

ग्रामसभेत सरपंच सहादेवने अंगणवाडीच्या नव्या इमारतीचा ठराव वाचला. टाळ्या पडल्या. एलिझाबेथ उभी राहिली.

"मला इमारत नको. पाच वर्षांनी तिथं बसवायला पोरं नसतील. त्यापेक्षा म्हाताऱ्यांची रोज विचारपूस करायला कुणीतरी नेमा."

"बाई, कायतरी अभद्र बोलू नका. गाव वाढनार हाय."

"कशावरून?"

सहादेव हसला. त्याच्याबरोबर सभा हसली. ठराव मंजूर झाला.

बाहेर मदतनीस आक्काबाईने तिला गाठलं. "ताई, तुमी आपल्याच भाकरीवर उठलात. पोरं न्हाईत म्हनल्यावर मला कोन ठिवंल?"

एलिझाबेथने म्हाताऱ्यांसाठी माणूस नेमावा म्हणून तालुक्याला अर्ज केला. चार महिन्यांनी कळलं, अशा कामासाठी आराखड्यात तरतूदच नाही.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी एकटी राहणारी म्हातारी बनुबाई मोरीत घसरून पडली. लेक सुप्याला, शेजारच्या घराला कुलूप. सोमवारी सकाळी तिची शेळी ओरडायची थांबेना म्हणून एलिझाबेथने दार ढकललं. बनुबाई ओल्या फरशीवर पडून होती, ओठ काळेठिक्कर पडलेले. "लई हाका मारल्या गं," एवढंच ती बोलली. दवाखाना यायच्या आत गाडीतच गेली.

लोक म्हणाले, अंगणवाडीच्या बाईचं खरं झालं. एलिझाबेथला ते ऐकवेना. बनुबाईचं नाव तिने स्वतःच्या हाताने त्या चौतीस जणांच्या यादीत लिहिलं होतं, आणि रविवारी चर्चमधून येताना ती त्याच दारावरून गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी उघडण्याआधी ती यादीतल्या अगदी एकट्या राहणाऱ्या अकरा जणांची दारं वाजवू लागली. कुणाला गोळी दे, कुणाला नुसती हाक मार. सांगितलं कुणी नव्हतं, पगार तर नव्हताच. दरम्यान इमारत उभी राहिली, भिंतींवर ससे आणि फुगे रंगवले गेले. उद्‌घाटनाला नऊ मुलं होती. पुढच्या जूनला सहाच उरली, तेव्हा आदेश आला: अंगणवाडी पाच किलोमीटरवरच्या वस्तीवरल्या अंगणवाडीत विलीन. एलिझाबेथने सकाळी आठला तिथं हजर व्हायचं, म्हणजे सकाळची फेरी बंद. आक्काबाईचं काम सुटलं. ती आता एलिझाबेथला बघून रस्ता बदलते.

एलिझाबेथने सहादेवचं घर गाठलं. "निदान सकाळच्या फेरीला आक्काबाईला तरी लावा."

"पुढच्या आराखड्यात बगू," तो म्हणाला. त्याने या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही.

शेवटच्या सकाळी ती भिमाजीच्या दारात पोचली. डोळ्यांनी अधू झालेला भिमाजी आवाजावरून माणूस ओळखायचा.

"उद्या लवकर ये पोरी. डोळ्यात औषध घालायचं हाय."

आपण उद्या येणार नाही, हे तिला सांगवेना. तिने बाटली उघडली आणि उद्याच्या वाटचे म्हणून दोन थेंब जास्त घातले. त्याचा काही उपयोग नाही, हे तिला ठाऊक होतं.