काकू पुढे गेल्या

“तुम्ही या सावकाश, मी होते पुढे.”

हे वाक्य संपेपर्यंत काकू पुढे गेलेल्याही असायच्या. आपण चपलेचा बंद लावायला वाकून मान वर करावी, तर तुळिंजच्या बाजारात त्यांची पाठ तेवढी दिसायची. तुमच्याही इमारतीत असेल असं एखादं माणूस. स्वस्थ बसवत नाही म्हणजे नाहीच.

काकू आमच्या समोरच्या दारात राहायच्या. नवरा गेल्यावर त्या चालायला लागल्या, असं लोक म्हणायचे. साफ खोटं. काका असतानाही त्या एकट्याच चालायच्या, काका गॅलरीत पेपर वाचत बसायचे. दर रविवारी घरातून निघून थेट भुईगावचा समुद्र. तिथे किती वेळ बसता, असं मी एकदा विचारलं.

“बसायचं कशाला? पाण्याला पाय लावायचा नि मागे फिरायचं.”

एकदा भुईगावातच त्यांना चक्कर आली. तिथल्या एका बाईने ओट्यावर निजवलं, पाणी दिलं, रिक्षात घालून घरी पाठवलं. मुलगा विरारहून धावत आला. यापुढे एकटीने चालणं बंद, चालायचं तर बायकांच्या ग्रुपबरोबर, असं त्याने बजावलं. तो ग्रुप म्हणजे आम्ही.

आता आमचा ग्रुप म्हणजे चार पावलं चाललो की फोटो, मग चहा, मग कुणाची तरी सासू. काकूंची नुसती तळमळ व्हायची. “तुमचं चालणं कमी नि थांबणं फार,” म्हणायच्या. मला राग यायचा, पण खरंच होतं ते.

दरवर्षी आम्ही वज्रेश्वरीला पायी जातो. थकेल तिला उचलायला मागून टेम्पो येतो. पोह्यांचा टोप वाटेत चांदीपला उघडतो, पण शेवटची बाई पोचल्याशिवाय कुणी बशीला हात लावायचा नाही, हा आमचा नेम. त्या वर्षी चांदीपला सगळ्या पोचल्या, काकूच नाहीत. फोन लावला, तर तो टेम्पोतल्या पिशवीत वाजला.

टेम्पो मागे धाडला. तो प्रत्येक टपरीवर विचारत पार शिरसाडपर्यंत जाऊन रिकामा आला. ऊन चढलं, पोहे गार झाले, दोघीतिघी रडायला लागल्या. शेवटी एकीने घाबरून मुलाला फोन केला, “आई सापडत नाहीयेत.” पुढे कुणी पाहिलंच नाही. आमच्याकडे शोधायची ती मागे राहिलेली, पुढे गेलेलीला शोधायची सवयच कुणाला नव्हती.

काकू वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर उपाशी बसल्या होत्या. वाट बघून बघून त्यांनी फुलवालीचा फोन घेतला आणि मुलालाच लावला. “अरे, ह्या सगळ्या बायका कुठे हरवल्यात बघ जरा.”

हे कळल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. मुलगा हसला नाही. आम्ही टेम्पोने देवळाशी पोचतो तोच तो गाडी घेऊन आला आणि दार उघडून उभा राहिला. काकू बसता बसता मला म्हणाल्या, “इतकी वर्षं एकटी चालले, कधी हरवले नाही गं. तुमच्यात आले नि हरवले.”

त्याच आठवड्यात तो त्यांना विरारला स्वतःकडे घेऊन गेला. त्याचं चुकलं, असं मला म्हणवत नाही. चक्कर येणाऱ्या आईला रस्त्यावर कोण सोडेल? पण बरोबर केलं, हेही जिभेवर येत नाही. हल्ली रविवारी समोरचं कुलूप दिसलं की मलाच घरात बसवत नाही.

गेल्या महिन्यात भेटायला गेले. उंच टॉवर, आवारात गोल बाग, आणि आजींना एकटं बाहेर सोडायचं नाही अशी वॉचमनला ताकीद. काकू बागेला फेऱ्या मारत होत्या. मी बरोबर चालू लागले. त्यांची चाल फार मंदावली होती, म्हणून मीही पाऊल आखडतं घेतलं. ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

“तू हो पुढे,” त्या म्हणाल्या. “मी येते सावकाश.”

मी पुढे झाले. गोलच वाट ती, फिरून त्यांच्या पाठीमागे आले. काकू चालत नव्हत्या. गेटकडे बघत उभ्या होत्या.