कारध्यातले किती वाचले?

वैनगंगा फुगली होती आणि मी भंडाऱ्यात कॉलेजच्या लायब्ररीत बसून पुस्तकाचे वाचक मोजून राहिली होती. तिकडं नदीपलीकडं कारध्यात माही आई एकटी, लहान पूल पान्याखाली, मोठ्या पुलावर पोलीस कोनाले जाऊ देत नव्हते. आणि तेवढ्यात ते पुस्तक लिहिनाऱ्या मॅडमचा मेसेज आला.

"कारध्यातले किती वाचले? लवकर सांग."

बस, एवढाच! मॅडम नागपुरात, टीव्हीसमोर असन. नदीची पातळी कारध्यालेच मोजतात ना, म्हून टीव्हीवर दिवसभर आमचंच गाव. मले वाटलं, इले काहीतरी दिसलं, जे मले अजून माहीत नाही.

आईले फोन लावला. बंद. मॅडमले लावला. बिझी. पुन्हा आईले. बंद!

लायब्ररीतले काका म्हनाले, "काहून अशी पांढरी पडली वं?"

मी कॉम्प्युटरकडं वळली. आता हे सांगाच लागन: मॅडमनं रोवनीच्या, म्हंजे धान लावनाऱ्या बायांवर मोठं अभ्यासाचं पुस्तक लिहिलं, ते इंटरनेटवर फुकट आहे, कोनीही उघडावं. त्या बायांशी बोलायले मीच गेली होती, सुरुवात आईपासून. आता प्रकाशकाले पाहिजे होतं की हे कोन वाचते, कुठं वाचते, कोनाच्या कामी येते. त्यायच्या नकाशावर कोनी पुस्तक उघडलं का ठिपका येते. पन आमच्या साऱ्यायचे फोन त्या नकाशावर नागपूरचेच दिसतात. म्हून मी गावोगावी फोन करून विचारत होती. आंधळगाव झालं, शहापूर झालं. कारधा राहिलं होतं.

एवढं सारं मले माहीत होतं, तरी मॅडमचा मेसेज वाचताना ते डोक्यात आलंच नाही! मी नकाशावर नागपूरचा ठिपका वाढला का ते पाहून राहिली होती, कारन पुस्तकाची लिंक आईच्या फोनमध्ये होती. उघडलं असन तं फोन चालू असन, फोन चालू असन तं आई असन. पन ते पान कालचंच दाखवे. आजचं उद्या. नदी किती वाढली ते मिनिटामिनिटाले सांगून राहिले होते, मानसायचं मात्र उद्या.

मंग आईचाच फोन आला.

"आई! वाचली का वो तू?"

"हाव ना. अर्धंच वाचली."

"अर्धं?" मी किंचाळली. काका खुर्चीवरून उठले.

"अवं, अर्ध्यात फोन बंद पडला. आत्ता कोनाच्या तरी बॅटरीवर लावला. घरात पानी शिरलं म्हून आम्ही साऱ्याजनी बुद्धविहारात आलो, उंचावर. बसल्या बसल्या काय करा, तं तुह्या मॅडमचं पुस्तक उघडलो. बाजूच्या मामीची सून वाचे, आम्ही आयको. मामी भांडून राहिली, मी एवढं बोलली तं माहं नाव कायले नाही म्हने!"

मागून मामी ओरडली, "विचार तिले, विचार!"

मी हसली बी आणि रडली बी. मंग समजलं, मॅडमनं काय विचारलं होतं.

"आई, पानी किती आहे?"

"पायरीपर्यंत. वाढूनच राहिलं."

हसू गेलं. मले तिनं फोन ठेवाले नको होतं, म्हून म्हनली, "मॅडमले सांगाचं आहे, किती जनींनं आयकलं ते. एकेक मोज."

"एक मी. दोन मामी. मामीची सून. कोपऱ्यातली आजी, तिले आयकू येत नाही, तिले धरू का?"

"धर, धर!"

"मंग चार. पाच..."

फोन बंद पडला.

मॅडमले मी लिहिलं, "मोजनं चालू आहे."

दुसऱ्या दिवशी नकाशावर नागपूरच्या ठिपक्यात एकच वाचक वाढला होता. एक! तो कालचा होता, आजचं त्याच्यात काही नव्हतं. मोठा पूल उघडला तशी मी पळाली, चिखलातून, चप्पल हातात घेऊन.

आई विहाराच्या पायरीवर गाळ झाडून राहिली होती. मले पाहून झाडू थांबवला.

"कुठपर्यंत मोजली होती वं मी?"