धाकटी मावशी पाण्यात उतरते

माझ्या दोन्ही मावशांच्या घरात निर्णय मोठी घ्यायची आणि धाकटी तो पाळायची. मोठी पोस्टात काउंटरवर होती. रांगेतल्या माणसाला नुसत्या भुवईने पुढे सरकवायची तिची सवय घरीही सुटली नव्हती. धाकटीचा जन्म एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेला. दिवसभर वाफ, ओल्या चादरींचे ढीग आणि कान किटवणारी मशीनं. तिने लग्न केलं नाही. मोठीचे यजमान गेल्यावर दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहू लागल्या. धाकटी अडुसष्टची झाली तरी मोठीच्या तोंडी ती ‘छोटी’च होती.

त्यांच्या घरापासून चार बसथांब्यांवर ज्येष्ठांसाठी एक केंद्र आहे. वरच्या मजल्यांवर गाणं, चित्रकला, कॉम्प्युटरचे वर्ग आणि तळघरात कोमट पाण्याचा पोहण्याचा तलाव. एके दिवशी मोठी तिथून परस्पर नावं घालूनच आली.

“गुडघे कुरकुरतायत ना आपले? पाण्यात भार पडत नाही म्हणतात. सोमवार, गुरुवार जायचंय.”

“मला विचारायचंस तरी, ताई.”

“आता सांगतेय ना.”

पहिल्या दिवशी अर्थातच मोठी आधी उतरली. पाणी छातीला लागलं मात्र, तिचा श्वासच अडकला. तिने शिकवणाऱ्या बाईंचा खांदा असा काही धरला की दोघी पडता पडता वाचल्या. बाहेर येऊन, अंग पुसून, कपडे करून ती काठावर उभी राहिली.

“चल छोटे. हे आपलं काम नाही.”

धाकटी कठड्याला धरून पाण्यात उभी होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिचे गुडघे गप्प होते.

“तू बस जरा,” ती म्हणाली. “मी तास संपवून येते.”

असं उत्तर मोठीने जन्मात ऐकलं नव्हतं. ती दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन तासभर बाकावर बसली आणि परतताना बसमध्ये वेगळ्या सीटवर.

त्यानंतर अबोला सुरू झाला. माझी पंचाईत झाली ती अशी, की मोठी मला फोन करून सांगायची, “तुझ्या मावशीला म्हणावं, साबण संपलाय,” आणि मागून धाकटीचा आवाज यायचा, “आणलाय म्हणून सांग.”

धाकटी मात्र एकटी जात राहिली. पण तरंगणं काही जमेना. “मान सोडा,” बाई म्हणायच्या. “मान ताठ धरली की पाय खाली जातात.” तिच्या शेजारी कठड्याला लटकलेले एक निवृत्त बसकंडक्टर होते. ते म्हणाले, “आयुष्य उभ्याने काढलं हो. आता आडवं व्हायला सांगतात.”

मग एका गुरुवारी ती तरंगली. कान पाण्याखाली गेले आणि सगळा आवाज बंद झाला. “पाळी संपली की मशीनं थांबायची ना, तसं वाटलं बघ,” तिने मला सांगितलं. “मला हसू आलं, आणि सगळं पाणी नाकात.”

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. निघताना मोठी मला सोडायला जिन्यापर्यंत आली आणि दार ओढून घेऊन हळूच म्हणाली, “ती बुडायची नाही ना गं?”

“छातीपर्यंतच पाणी आहे, मावशी. बाई शेजारीच असतात.”

“त्या दिवशी बाकावरून बघत होते. सगळ्यांच्या टोप्या निळ्या. आपलं माणूस कुठलं, तेच कळेना.” मी इतके दिवस समजत होते की तिला राग आलाय.

“मग जाऊन बस की तिथे.”

ती गेली. पण तलावाच्या शिपायाने तिला दारातच अडवलं. आत फक्त कुठल्या ना कुठल्या वर्गातल्या लोकांनाच सोडायचे, आणि पोहण्यातलं आपलं नाव तिने पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. जागा होती ती गाण्याच्या वर्गात. मोठीला सुराचा गंध नाही. तिने नाव घातलं. गुरुजींनी तिला मागच्या ओळीत उभं केलं, आणि महिन्याभरात कोणी कुठे उभं राहायचं, ते तीच ठरवू लागली. गाणं संपलं की ती खाली तलावावर येऊन बसते. धाकटीने आता पिवळी टोपी घेतली आहे.

धाकटीला अजून पूर्ण तलाव पार करता येत नाही. अर्ध्यावर जाते, कठडा धरते, दम खाते, परत येते. तिच्या बरोबरचे पुढच्या वर्गात गेले. मागे राहिले ती आणि कंडक्टर. तिला त्याचं काही वाटत नाही.

परवा मी दोघींना जेवायला बोलावायला फोन केला. गुरुवार म्हटल्यावर मोठी लगेच हो म्हणाली.

“गुरुवारी नको,” मागून आवाज आला. “माझं पोहणं आहे.”

मोठी मला म्हणाली, “शुक्रवारी येतो आम्ही.”