जिवलीच्या बंगल्याची घरभरणी

किन्हवलीच्या वर डोंगराच्या कुशीत जो पाडा आहे, त्यात जिवलीचं घर अगदी कडेला. घर म्हणजे कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. बाजाराच्या दिवशी बाई मोळी नाहीतर बोरं-आवळे घेऊन खाली उतरायची, मीठ-तेल घेऊन वर चढायची. तोंडाची फटकळ. कुणी फुकट काही देऊ केलं की म्हणायची, "का रे, माझे हात मोडलेत काय?"

पण गवताचं छप्पर एकट्या माणसाला शाकारता येत नाही. पाड्यात ते काम सावडीनं चालायचं. आज सगळे तुझ्या घरावर, उद्या सगळे माझ्या. जिवली साऱ्यांच्या घरांना भारे वाहायची, आणि तिच्या छपरावर सगळ्यांच्या आधी चढायची ती शेजारीण गिरजा. माणसं आली नाहीत तर पावसाळ्यात ही बाई भिजून मरायची, इतकं ते साधं होतं.

सत्त्याण्णव साली जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. अनिलशेठ उभा होता. त्याचा हनुमान नावाचा कार्यकर्ता गळ्यात कॅमेरा अडकवून बाजारात फिरत होता. त्यानं जिवलीला हटकलं, "मावशे, मोळी ठेव खाली. ह्या घरासमोर उभी रहा. हास जरा!" घर कुणा मास्तरांचं, नवंकोरं, सिमेंटचं. जिवलीनं पदर सारखा केला आणि हसली. जन्मात पहिल्यांदा कुणी तिचा फोटो काढत होतं, हसेल नाही तर काय करेल!

आठवडाभरात तोच फोटो पत्रकावर छापून पाड्यात आला. बाजूला हात जोडलेला अनिलशेठ, खाली मोठ्या अक्षरांत, 'निराधार जिवलीबाईंना अनिलशेठनी दिलं पक्कं घर.' उचलली जीभ, लावली टाळ्याला!

पाड्यातल्या कितीकांना ती अक्षरं लागत नव्हती, पण चित्र सगळ्यांना कळत होतं. आणि पाड्यानं शेठला खोटं धरलं नाही, जिवलीलाच चोर धरलं. नवं घर झालं की पाड्याला जेवण घालायचं, घरभरणी करायची, हा तिथला रिवाज. हिनं खाली बाजारात बंगला घेतला आणि जेवण चुकवलं, असंच सारे समजले.

विहिरीवर गिरजानं तोंड फिरवलं. "या, बंगलेवाली! तुला आता गवत कशाला लागतंय गो?"

"अगो, माझं नाय ते घर!"

"मंग दारात उभी राहून हसतेस कशाला?"

पाड्याचा जुना माणूस नवसू, त्यानं तर सांगूनच टाकलं, "घरभरणी चोरलीस, जिवले. यंदा तुझ्या छपराला कोन येनार नाय."

जिवली घरी येऊन ढसाढसा रडली. छपराचं दुःख होतंच, पण गिरजानं तोंड फिरवलं ते जास्त लागलं. मग तिला राग आला. रडून झाल्यावर येतो तो राग फार वाईट.

सकाळी पदरात तांदूळ घेऊन ती दारोदार फिरली. आवतणाचे दाणे प्रत्येकाच्या हातावर ठेवले. "परवा दुपारी माझी घरभरणी हाय. या." आवतण नाकारायचं नसतं, म्हणून लोकांनी दाणे घेतले. मग ती किन्हवलीला प्रचाराच्या कचेरीत गेली आणि शेठच्या हातावरही दाणे ठेवले.

"शेठ, घर तुमी दिलंत. आमच्यात देनाऱ्यानंच दारात नारळ फोडायचा, तवर कुनी जेवत नाय."

शेठला कुठली जिवली ठाऊक आणि कुठलं घर! त्याला अख्ख्या पाड्याची मतं दिसली. सावध करायला हनुमान तिथं नव्हता, तो मुरबाडकडच्या गावांत प्रचाराला गेलेला. शेठ गुलाल लावून, वर्तमानपत्राचा एक माणूस बरोबर घेऊन, जीपनं हजर झाला. जिवलीनं ठेवणीतले होते नव्हते ते तांदूळ शिजवले होते. सारा पाडा तिच्या अंगणात जमलेला. तिनं शेठच्या हातात नारळ दिला.

"फोडा."

"घर कुठंय, मावशी?"

"मला काय ठावं? तुमीच दिलंत ना? दाखवा की."

शेठनं कुडाच्या भिंतींकडे पाहिलं. पार डोंगरापर्यंत नजर टाकली. कुठंच सिमेंट नव्हतं. नवसूनं कमरेचं पत्रक काढून त्याच्यापुढं धरलं. "हे घर, शेठ. आमाला बी बघायचंय." वर्तमानपत्रवाला गालात हसला आणि पेन काढलं.

"निवडून आलो की बांधून देतो," शेठ हळूच म्हणाला.

"घर नको मला. ह्या मानसांना सांगा, जिवलीनं काय घेतलं नाय. मोठ्यानं सांगा."

भात निवत चालला होता. पानाला कुणी हात लावत नव्हतं. शेठचा चेहरा गुलालाहून लाल झाला. शेवटी नारळाकडे बघत तो बोलला, "हिला घर दिलेलं नाही. पत्रकातलं खोटं आहे."

जिवलीनं नारळ त्याच्या हातून घेतला आणि आपल्याच दाराशी दगडावर फोडला. "हं, आता जेवा. तुमी बी बसा, शेठ." शेठला बसावंच लागलं.

बातमी छापून आली. शेठ तरी निवडून आलाच, आता काय बोलायचं! घर काही कुणी बांधून दिलं नाही, जिवलीनं मागितलंही नाही. उन्हाळा तापला तशी पाड्यात शाकारणी सुरू झाली. जिवलीची पाळी आली त्या सकाळी ती अंगणात उभी राहिली. आत जाववेना, बाहेर थांबवेना. कोण येईल, कोण नाही, जीव नुसता टांगणीला. इतक्यात मागच्या बाजूनं शिडी लागल्याचा आवाज झाला. बघते तर गिरजा छपरावर, पदर खोचून बसलेली.

"बघत काय उभी रायलीस, बंगलेवाली? गवत दे गो वर!"

जिवलीनं भारा उचलला. डोळे इतके भरले होते की शिडी तिला चाचपूनच शोधावी लागली.