सासूबाईंना मासा खाऊ घालण्याचा कट

मी खोटं बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या विषयावर अजून दोन तट आहेत. मी सासूबाईंना एवढंच म्हणाले होते, की बुदैया गावाच्या बाजूला एक शेत आहे, सेंद्रिय भाजीपाल्याचं. तिथे बालीची एक बाई तिच्या गावचा स्वयंपाक शिकवते, आणि बालीची माणसं आपल्यासारखीच हिंदू असतात, जेवणाआधी देवाला दाखवतात. यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. "मग शिवराकच असतला," म्हणजे शाकाहारीच असणार, हे आई आपणहून म्हणाल्या. मी फक्त गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं असेल, तर माझ्या नवऱ्याइतका खोटारडा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये सापडायचा नाही.

आता हा उद्योग कशासाठी, तेही सांगते. आई वेंगुर्ल्याकडच्या. सासरे गेले त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तेराव्या दिवशी घर भरलेलं असताना कुणा नातेवाईक बाईने टूम काढली, की गेलेल्या माणसाच्या नावाने आपल्या आवडीची एखादी वस्तू सोडावी. लोक अशा वेळी हुशारी करतात, कोणी कारलं सोडतं, कोणी पेरू. आईंनी मासे सोडले. वेंगुर्ल्याच्या बाईने मासे सोडल्यावर मागे उरतं काय? डाळ, भात आणि लोकांचं कौतुक. कौतुकाने अंगात रक्त वाढत नाही. आमच्याकडे बहरीनच्या झिंज भागात त्या व्हिजिट व्हिसावर आल्या तेव्हा विमानतळावर मी त्यांना आधी ओळखलंच नाही. साडीत फक्त साडीच दिसत होती.

सलमानिया हॉस्पिटलात डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या देतो, पण मासा, अंडं, काहीतरी पोटात जाऊ दे. आईंनी मान डोलावली आणि घरी येऊन डाळभात खाल्ला. अंडंही त्यांनी माशाच्याच खात्यात टाकून दिलं होतं. नवरा एकदा म्हणाला, "आई, खा ना गं," आणि कर्तव्य पार पडल्यासारखा फोनमध्ये शिरला. वर त्या आमच्यासाठी मासे स्वतः करायच्या. चव न घेता, नुसत्या वासावरून मीठ कमी की जास्त ते सांगायच्या, आणि आम्ही बोटं चाटत असताना समोर बसून ताकभात कालवायच्या. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. म्हणजे उतरायचा, पण राग यायचा.

दहा दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. गावच्या घरात त्या एकट्या. तिथे उद्या चक्कर येऊन पडल्या तर शेजारणीला कळायलाही संध्याकाळ होणार. म्हणून मी मनाशी ठरवलं, की विमानात बसवण्याआधी एक घास मासा त्यांच्या पोटात गेलाच पाहिजे. मी त्यांना ओळखून आहे. नेम एकदा मोडला की मोडला, मग गावी गेल्यावरही मोडलेलाच राहील. कसा मोडायचा याची मला लाज वाटली नाही, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

माझी पंधरा वर्षांची मुलगी कटात सामील होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीच. "मम्मा, धिस इज सो राँग," ती लिफ्टमध्ये म्हणाली. आठवडाभर खोली आवरायला सांगणार नाही, या बोलीवर तिने तोंड बंद ठेवलं. गाडीत ती खिडकीबाहेर इतकी एकटक बघत होती, की मलाच कसंतरी झालं.

थंडीचे दिवस, शनिवारची सकाळ. शेतात कडेने खजुराची झाडं, मध्ये वाफे, आणि हिरव्या जाळीखाली त्या बाईने आपली बाली लावलेली होती. गवती चहा, हळद, मिरच्या, आल्यासारखं दिसणारं काहीतरी. आईंनी गवती चहाचं पान चुरगळून नाकाला लावलं. "ह्यो आमच्या न्हाणीच्या मागे वाडलो आसा," त्या म्हणाल्या. "ह्यां बघूक इतक्या लांब इलंव?"

शिकवणारी बाई चाळिशीची, ठेंगणी, लुंगीसारखं रंगीत वस्त्र नेसलेली आणि पायात शेतातले गमबूट. कानामागे फूल. हॉटेलात स्वयंपाकाला म्हणून आली आणि इथलीच झाली. इंग्रजीत समजावता समजावता मध्येच "यल्ला, यल्ला" करून आम्हाला कामाला जुंपायची. शिकायला आम्ही सात-आठ जण होतो. त्यात एक पुण्याचे गृहस्थ निघाले, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले. कोरा करकरीत एप्रन, आणि घरून आणलेला वजनकाटा. मराठी ऐकून ते खूश झाले आणि आमच्याच टेबलाला येऊन चिकटले. कटाच्या जागी मराठी समजणारा माणूस असणं बरं नव्हे.

"हळद किती ग्रॅम?" त्यांनी विचारलं.

"वास बरोबर येईपर्यंत," बाई म्हणाली.

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. आईंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ह्येची बायल खंय आसा?"

मग मसाला. छोटे कांदे, लसूण, आलं, त्या आल्याचा तो चुलतभाऊ, ओली हळद, मिरची. एका पसरट दगडी थाळ्यात घालून दगडानेच वाटायचं. सगळे आपले धपाधप कुटायला लागले. आईंनी दोन मिनिटं कळ काढली. मग "कुटूक नको, वाटूक व्हया" म्हणत माझ्या हातातला दगड काढून घेतला, जमिनीवर बसल्या आणि पुढेमागे असा हात चालवला, की तो मसाला गुमान लोण्यासारखा झाला. बाली बाई बघत राहिली. मग तीही आपला दगड घेऊन शेजारी येऊन बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पोरांना वाटायची अक्कल नाही यावर त्यांचं एकमत झालेलं स्पष्ट दिसत होतं.

इतक्यात बाईने केळीच्या पानात गुंडाळलेला एक काळपट गोळा निखाऱ्यावर भाजून आणला. पान उघडलं आणि वास सुटला. कोकणातल्या माणसाला हा वास झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल. वाळवलेला जवळा. आईंचा हात दगडावर थांबला. नाकपुड्या हलल्या.

"सोयाबीनचं असतं ते, आंबवलेलं," मी घाईघाईने म्हणाले. बरं, हे मात्र खोटं होतं. एवढं एकच.

"नाही नाही वहिनी," पुणेकर म्हणाले. "जवळ्याचाच गोळा आहे तो. मी वाचून आलोय."

मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी पुन्हा लसूण मोजायला घेतली. आईंनी गोळा मसाल्यात टाकला आणि वाटत राहिल्या. मला जरा विचित्रच वाटलं. त्यानंतर आलं मोठं पातेलं. त्यात कुटलेली ताजी सुरमई. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी खजुराच्या झाडांकडे बघायला लागले.

"तिकडे काय बघतंस?" आई म्हणाल्या. "माका गाडीतच कळला. तुझ्या चेडवाचा तोंड बघून."

"मग आलात कशाला?"

"म्हटला बघूया, सून खंयपर्यंत जाता."

मुलीने फोनमागे तोंड लपवलं. माझा चेहरा मिरचीला लाजवेल असा झाला असणार. पण आई उठून गेल्या नाहीत. सुरमईत मसाला आणि ओलं खोबरं कालवून तो गोळा गवती चहाच्या जाड दांड्यावर बोटांनी लिंपायचा आणि निखाऱ्यावर भाजायचा, असा तो प्रकार. आईंच्या दहा काड्या होईस्तोवर आमच्या तीन होत होत्या. पुणेकरांची पहिली काडी सरळ विस्तवात गळून पडली. तिचं वजन बहुधा बरोबर होतं.

सगळं शिजल्यावर आम्ही ताटांकडे वळलो, तर बाईने आम्हाला थांबवलं. केळीच्या पानाचे छोटे चौकोनी तुकडे कापून तिने प्रत्येकावर चिमूटभर भात आणि केलेल्या प्रत्येक पदार्थाचा कणभर ठेवला. एक पान चुलीपाशी, एक नळापाशी, एक झाडाच्या बुंध्याशी. तिच्याकडे रोजचीच रीत आहे म्हणाली. देवाला, जागेच्या राखणदाराला आणि आपल्या गेलेल्या माणसांना आधी, मग आपण.

"देवाक मासो?" आईंनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "आमच्या राखणदाराक तरी कोंबोच लागता."

मी ही संधी सोडणार नव्हते. "आई, ती म्हणतेय, गेलेल्या माणसाला पान दिल्यावर उरलेलं घरच्यांनी खायचंच असतं. कोणी खाल्लं नाही, तर तो तिकडे उपाशी राहतो."

"शेवटचं वाक्य त्या नाही म्हणाल्या, वहिनी," पुणेकर म्हणाले.

या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आईंनी एक पान उचललं, त्यावर एक अख्खी काडी ठेवली, सगळ्यांनी कणभर ठेवला असताना अख्खी, आणि जरा लांबच्या खजुराखाली नेऊन ठेवलं. हात जोडले. मग येऊन बाकावर बसल्या. मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि उभी राहिले. आता माझ्याकडे ना खोटं शिल्लक होतं ना खरं.

"आई, खा ना. तुम्ही तिकडे एकट्या असता, मला भीती वाटते. बाबांना काय वाईट वाटणार आहे का?"

आईंनी ताट आपल्याकडे ओढलं. मग म्हणाल्या, "तुका काय वाटला, मी तेंच्या मायेन मासो सोडलंय?"

"मग?"

"रागान सोडलंय."

मी बाकावर बसले.

"पंचेचाळीस वर्सां मासो केलंय," आई म्हणाल्या. "मधली तुकडी तेंका. दुसरी झिलाक. माका टकला नि शेपटी. सगळे म्हणत, हिका माशाचा टकलाच आवडता. मीय तसांच म्हणी. मग तेराव्याक ती बाय माका इचारता, तुझी आवड काय ती सोड. माझी आवड कोणाक ठावक होती? म्हटलंय, मासो सोडतंय. धड कधी गावलोच नाय, तो सोडूक काय त्रास? सगळ्यांनी डोळ्याक पदर लायल्यानी."

त्या हे अगदी सरळ आवाजात सांगत होत्या. पुणेकर एकदम उठले आणि नळाकडे हात धुवायला गेले, आणि त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ करून टाकलं.

आईंनी एक काडी उचलून फिरवून पाहिली. "ह्येच्यात मधली तुकडी खंयची?"

"कुठलीच नाही. सगळं एकत्र कुटलंय."

"म्हणजे कोणाच्याय पानात तीच."

"हो."

त्यांनी घास घेतला. हळूहळू चावला, गिळला. "मीठ कमी आसा," म्हणाल्या आणि पुढचा घेतला. मग दुसरी काडी. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. मी जिंकले होते. नवऱ्याला फोन करून सांगायचं काय काय, हेसुद्धा माझ्या मनात ठरून गेलं होतं.

"गेल्या शुक्रवारी मी सुरमई तळलंय," आई काडी खाली ठेवत म्हणाल्या. "तुझ्या पानात खंयची तुकडी होती?"

"शेपटीकडची," मी म्हणाले. "मला तीच आवडते, आई."

विचार करायला मला क्षणही लागला नव्हता. अठरा वर्षं मी हेच सांगत आले होते, आणि पहिल्यांदा कधी सांगितलं ते काही केल्या मला आठवेना.

"ती मीच वाढलंय तुका," आई म्हणाल्या.

त्यांनी आपल्या ताटातली राहिलेली काडी उचलून माझ्या ताटात ठेवली, आणि मी ती संपवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.